पंधरा ज्वेलचं घड्याळ

मी संशयी माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी कीव यायची नाही. दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून पाहणारा, पोस्टमननं पाकीट दिलं की ते आधी कुणी उघडलंय का ते उजेडात धरून बघणारा मी. बायको म्हणायची, "देवानं प्रसाद दिला तरी तुम्ही आधी त्याचा वास घ्याल." ती चेष्टेनं म्हणायची. पण घ्यायचो मी वास, खोटं कशाला बोलू?

लढाई नुकतीच संपली होती. मी नगरजवळ भिंगारला लष्कराच्या एका कचेरीत कारकून होतो आणि आम्हा चौघांना मनगटी घड्याळांचं वेड होतं. वेड म्हणजे अक्षरशः वेड. त्या काळी मनगटावर घड्याळ बांधून माणूस बाजारातून चालला की चार जण वेळ विचारायला थांबवायचे. आम्हाला तेच हवं असायचं. कुणी थांबवलं नाही तर आम्हीच बाही सावरत चालायचो.

दर रविवारी सकाळी भिंगारच्या बाजारातल्या चहाच्या दुकानात आमची बैठक असे. आमचे हेडक्लार्क, शाळेतले एक मास्तर, डेपोतला स्टोअरकीपर आणि मी. हेडक्लार्कांचं घड्याळ चौकोनी, सोन्याचा मुलामा दिलेलं. मास्तरांचं म्हणजे त्यांच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ, त्याला दोन्ही बाजूंनी कड्या जोडून पट्टा लावलेला. मनगटावर बशी ठेवल्यासारखं दिसायचं, पण त्यांच्यासमोर हसायची सोय नव्हती. स्टोअरकीपर पाथर्डीकडचा. त्याचं घड्याळ अंधारात चमकायचं. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या सार्जंटकडून घेतलं असं तो सांगायचा. मला त्यातलं एक अक्षर खरं वाटत नव्हतं.

आणि माझं! पांढरी तबकडी, निळे काटे, आणि सहाच्या आकड्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'पंधरा ज्वेल'. अस्सल स्विस. ज्वेल म्हणजे आतले लाल खडे, चाकांचे कणे ज्यांत फिरतात ते. जितके खडे जास्त तितकं घड्याळ खानदानी. हे घड्याळ मला लग्नात सासऱ्यांनी दिलं होतं. दिलं म्हणजे, लग्न ठरवायच्या बैठकीत माझ्या काकांच्या तोंडून मीच वदवून घेतलं होतं, बाकी काही नको, घड्याळ तेवढं स्विस आणि पंधरा ज्वेलचं पाहिजे. सासरे अकोल्याच्या कचेरीत साधे कारकून. ते मान हलवून 'हो' म्हणाले होते, आणि लग्नाच्या मांडवात मखमली डबीत ते घड्याळ माझ्यासमोर आलं होतं. चौघांत घरंदाज घड्याळाचा मालक मी एकटाच, अशी माझी ठाम समजूत होती, आणि ती मी इतरांनाही विसरू देत नसे.

बैठकीचा रिवाज ठरलेला. चहा सांगायचा, टेबलावर धुतलेला रुमाल पसरायचा, चौघांनी घड्याळं उतरवून त्यावर ठेवायची. मग एकेक घड्याळ सगळ्यांच्या हातांतून फिरायचं. डोळे मिटून कानाला लावायचं आणि ऐकायचं. अहो, गवई काय तंबोरा ऐकेल! हेडक्लार्क म्हणायचे, घड्याळाचं सगळं त्याच्या आवाजात असतं. एक नियम मात्र कडक होता. पाठीचं झाकण कुणी उघडायचं नाही. नगरची धूळ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, एक कण आत गेला तरी घड्याळाचा घात. त्यामुळे आमच्यापैकी कुणीच आपल्या घड्याळाचं पोट कधी पाहिलेलं नव्हतं. तबकडी आणि आवाज, एवढ्यावर आम्ही जाणकार.

आमच्यात झाकण उघडायचा अधिकार एकालाच होता, तो म्हणजे शेजारच्या कापडदुकानाच्या ओट्यावर बसणारा घड्याळजी. तिशीतला मुसलमान गृहस्थ, किडकिडीत, डोळ्याला भिंग लावलं की जगाशी संबंध तुटणारा. नगरला एका बड्या उस्तादाकडे काम शिकून तो भिंगारला आला होता. काच लावलेली एक छोटी पेटी, तिच्यामागे तो, आणि समोर धुळीचा रस्ता. टांगा गेला की बिचारा दोन्ही हातांनी उघडं घड्याळ झाकायचा. आम्ही त्याला चहा पाठवायचो आणि अडलं की विचारायचो. तो मोजकंच बोलायचा.

त्या उन्हाळ्यात त्याचं नशीब उघडायच्या बेतात होतं. आमच्या कचेरीतली भिंतीवरची घड्याळं आणि साहेब लोकांची मनगटी घड्याळं दुरुस्त करायचं काम बाजारातल्या एका भरवशाच्या माणसाला द्यायचं घाटत होतं. शिफारस हेडक्लार्कांच्या हातात होती आणि त्यांनी याचंच नाव मनात धरलं होतं. बसायला कचेरीच्या आवारात एक खोली मिळणार होती. एकदा तो मला म्हणाला, "साहेब, दार असलेली खोली. दार लावून घ्यायचं, मग धुळीची काय बिशाद!" एवढं सलग बोललेलं मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

आणि नेमकं तेव्हाच माझं घड्याळ मागं पडू लागलं. रोज पाच-सात मिनिटं. मी ते त्याच्याकडे साफ करायला दिलं. चार दिवसांनी त्यानं परत दिलं, घड्याळ वेळ चोख दाखवत होतं. मी खूश.

रविवार आला. रुमाल पसरला, घड्याळं फिरली. माझं घड्याळ स्टोअरकीपरच्या कानाला लागलं आणि त्यानं डोळे उघडले. पुन्हा लावलं. मग म्हणाला, "आवाज बदललाय की हो. पयला असा न्हवता."

"काहीतरीच!" मी म्हणालो, पण मनात पाल चुकचुकली. हिसकावून कानाला लावलं. खरंच की! आधीचा आवाज मऊ, दबका होता. हा खणखणीत, टकटक, टकटक, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. मास्तरांनी ऐकलं, मान हलवली. हेडक्लार्कांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि हळूच म्हणाले, "मशीन बदललंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम गेला खड्ड्यात! मी मास्तरांना म्हणालो, उघडा झाकण. मास्तरांनी पेन्सिल तासायच्या चाकूनं झाकण उचकटलं. चष्मा वर केला, घड्याळ नाकाशी धरलं, आणि आतल्या पितळी पट्टीवर कोरलेलं वाचलं: सात ज्वेल. तबकडीवर पंधरा, पोटात सात! झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं ओढल्यासारखे दोन बारीक ओरखडे होते. "हात सटकलेला दिसतोय चोराचा," मास्तर म्हणाले.

आम्ही चौघे तसेच उठून ओट्यावर गेलो. मी घड्याळ त्याच्या पेटीवर आपटलं, चक्क आपटलं. "पंधराचं मशीन कुणाला विकलंस?"

त्यानं भिंग लावलं, आत पाहिलं. मग भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, जे होतं तेच आहे."

"तबकडीवर काय लिहिलंय?"

"पंधरा लिहिलंय."

"मग आतलं कुठं गेलं?"

आजूबाजूला माणसं जमली. मला तर चेवच चढला. मी ओरडलो, "तू बदललं नाहीस, मी बदललं नाही, मग बदललं कुणी? माझ्या सासऱ्यांनी?"

लोक हसले. तो मात्र हसला नाही. खाली बघून त्यानं झाकण बसवलं, अंगठ्यानं दाबलं, फडक्यानं पुसलं आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. "मी बदललेलं नाही," एवढंच म्हणाला. बस्स. पुढं ब्र नाही. माझी तर खात्रीच पटली. निर्दोष माणूस आकांडतांडव करतो, मी असतो तर केलं असतं. परत येताना हेडक्लार्क म्हणाले, "ही जमात अशीच." तेव्हा हवाच तशी होती, माणसं असली वाक्यं चहाबरोबर बोलायची. मला ते खटकलं होतं, आज लिहितोय म्हणून नाही, खरंच खटकलं होतं. पण मी तोंड उघडलं नाही, कारण ते माझ्या बाजूनं बोलत होते.

शिफारस अर्थातच गेली. काम पुण्याहून आलेल्या कुणाला तरी मिळालं, ती दाराची खोलीही त्यालाच. बाजारात बोभाटा झाला. लोक घड्याळ द्यायला आले तर त्याच्या पेटीसमोरच बसून राहायचे, त्याचे हात न्याहाळत. मग तेही येईनासे झाले.

घरी मी बायकोला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती रडवेली झाली. "बाबांना कळवू नका हं," म्हणाली. "किती खटपटीनं आणलं होतं त्यांनी. आठ दिवस नगरला येऊन राहिले होते त्यासाठी." मी म्हणालो, तुझ्या बाबांच्या जिवावर त्या चोरानं मजा मारली. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि त्या घड्याळजीला चांगली शिवी हासडली. तिच्या तोंडून शिवी मी तेव्हाच काय ती ऐकली.

दिवाळीनंतर चावी द्यायचं बटण निखळलं. ओट्यावर जायचा प्रश्नच नव्हता. मी घड्याळ घेऊन टांग्यानं नगरला गेलो. कापड बाजाराच्या एका बोळात एक म्हातारा कारागीर बसतो असं कळलं होतं. पांढरी दाढी, हात मात्र स्थिर. मी बजावून सांगितलं, "माझ्यासमोर उघडायचं. मी इथून हलणार नाही."

"शौकसे बघा," म्हातारा म्हणाला. त्यानं झाकण उघडलं, मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही, झाकणच उलटं करून उजेडात धरलं आणि हसला. "अरे, हे तर माझ्याच हातचं!"

मला काही कळेना. त्यानं मला जवळ बोलावून ते दोन ओरखडे दाखवले. भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं, ओरखडे कसले, खुणा होत्या. प्रत्येक कारागीर घड्याळ हाताळलं की झाकणाच्या आत सुईनं आपली खूण कोरतो आणि तारीख घालतो. वरची खूण म्हाताऱ्याची, माझ्या लग्नाच्या आठवड्यातली.

"अकोल्याचे एक साहेब आले होते," तो सांगू लागला. "मुलीची शादी पंधरवड्यावर. जावयाला पंधरा ज्वेलचंच पाहिजे म्हणाले. लढाई चालू, स्विस माल येणार कुठून? सगळं नगर पालथं घातलं त्यांनी, रोज इथं येऊन विचारायचे. माझ्याकडे एक होतं, पाण्यात बुडालेलं. वरून चांगलं, आतून गंजलेलं. मी म्हटलं, यात सातचं मशीन बसवून देतो, चालेल नंबरी. ते म्हणाले, 'अहो, ही फसवणूक होईल.' तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसले होते. खूप वेळ बसले. मग म्हणाले, बसवा."

मी त्या स्टुलावरून अर्धवट उठलो.

"आणि ही खालची खूण," म्हातारा म्हणाला, "माझ्या शागिर्दाची. भिंगारला असतो. उन्हाळ्यात त्यानं साफ केलेलं दिसतंय, छान केलंय, आवाज बघा कसा मोकळा झाला. माझी खूण तर तो झोपेतही ओळखेल. तुम्हाला काही बोलला नाही?"

मी बटण न बसवताच उठलो. टांगेवाल्याला घाई कर, घाई कर म्हणत भिंगारला आलो आणि थेट ओट्यावर गेलो. तो एकटाच बसला होता, पेटीत एक गजराचं घड्याळ, बाकी रिकामं. मी म्हणालो, "मी तुमच्या उस्तादांकडून येतोय."

त्यानं मान वर केली. माझा चेहरा पाहून त्याला समजलंच.

"का नाही बोललात?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच, सवय जाते कुठं! "एवढा मी ओरडलो, लोक जमले, तुमचं काम गेलं. एक शब्द बोलला असता तर मिटलं असतं. सासऱ्यांनी बदललं का म्हणून मीच तर विचारलं होतं!"

तो भिंग फडक्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, "वहिनी एकदा आल्या होत्या इथं, पट्टा बदलायला. 'नीट लावा हं, माझ्या बाबांनी दिलंय' म्हणाल्या होत्या." भिंग पेटीत ठेवून म्हणाला, "साहेब, मी त्या दिवशी बोललो असतो, तर तुम्ही घरी जाऊन कुणावर ओरडला असता?"

मला चांगलं ठाऊक होतं कुणावर ओरडलो असतो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, भाजीत मीठ कमी पडलं की, माहेराहून पत्र आलं की. जन्मभर तिला वेळ विचारताना मी ते घड्याळ तिच्या नाकासमोर धरलं असतं. ह्या माणसानं मला चार वेळा चहा पिताना पाहिलं असेल, तेवढ्यात त्यानं मला ओळखलं होतं. लाज वाटली हो. भर बाजारात उभं राहून रडू येईल असं वाटलं.

"मी सगळ्यांना सांगतो," मी म्हणालो.

"कुणाचं नाव घेणार?" त्यानं विचारलं आणि गजराचं घड्याळ उघडलं.

रविवारपर्यंत मी तेच डोक्यात घोळवत होतो. सासऱ्यांचं नाव घ्यायचं तर ह्या माणसानं एवढं सोसलं ते मातीत. न घ्यायचं तर ह्याच्यावरचा डाग तसाच. शेवटी रविवारी चहा यायच्या आतच मी बोलून टाकलं. म्हणालो, घड्याळजीनं काही केलेलं नाही. घड्याळात सातच खडे होते, पहिल्यापासून. मला ते लग्नात मिळालेलंच नाही, मीच ते जुन्या बाजारात घेतलं होतं, जोडकाम केलेलं. तुमच्यासमोर मिरवायला सासऱ्यांनी दिलं म्हणून सांगत होतो.

मास्तरांनी पसरायला घेतलेल्या रुमालाची पुन्हा घडी घातली. मग हेडक्लार्क माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "किती दिले त्यानं तुम्हाला?"

"काय?"

"आता हे सांगायचे. किती दिले?"

स्टोअरकीपर खो खो हसला. "राव, तुमी त्या दिवशी पेटी फोडाया निगाला हुता. आता त्याची वकिली करताय व्हय? कायतरी हाय बाबा ह्यात."

मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं तुम्ही आमच्याशी खोटं बोलत होतात. मग आज खरं बोलताय हे कशावरून?"

मी शपथा घेतल्या, गळ्याच्या शिरा ताणल्या, देवाधर्माला मध्ये घातलं. जितका जोर लावला तितके त्यांचे चेहरे बंद होत गेले. कचेरीतलं काम त्या पुण्याच्या माणसाकडेच राहिलं. शेवटी एवढंच झालं, घड्याळजी चोर होताच, आणि आता मी खोटारडा आणि त्याचा साथीदार. पुढच्या उन्हाळ्यात तो पेटी उचलून नगरला उस्तादांकडे परत गेला. निघताना मला भेटला नाही. मीही गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

पण माझी पाळी त्या कबुलीच्या रविवारीच संध्याकाळी आली. बायको नळावरून आली ती घागर आपटतच. मास्तरांच्या बायकोनं तिला सगळं सांगितलं होतं.

"तुम्ही चारचौघांत सांगितलंत, घड्याळ जुन्या बाजारातलं आहे म्हणून?"

मी मान हलवली.

"बाबांनी दिलंच नाही म्हणालात? आठ दिवस उपाशीतापाशी नगरमध्ये फिरले ते, तुमच्या हट्टापायी! आणि त्यांचं नावसुद्धा पुसून टाकलंत? एवढे हलके वाटले का माझे बाबा तुम्हाला, की त्यांनी दिलेलं सांगायची लाज वाटली?" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काय कारण होतं? मला एक कारण सांगा."

कारण माझ्या जिभेच्या टोकावर होतं. एका वाक्यात मी सुटलो असतो. माझा स्वभाव तुम्हाला सांगितलाच आहे, आयुष्यात मी कधी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. ती समोर उभी होती, वडिलांच्या अभिमानानं लालबुंद झालेली. मी घड्याळाकडे बघत बसलो.

ती बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. मग बोलली, संसार झाला, मुलं झाली, सासरे गेले. पण भांडण कुठूनही सुरू होवो, शेवटी ते तिथं येऊन थांबायचंच, "माझ्या बाबांचं घड्याळ चारचौघांत नाकारणारा माणूस तुम्ही." ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, म्हणून हे लिहायला घेतलं. शेवटच्या आजारपणातही मी औषध घेऊन गेलो की ती आधी बाटलीवरचं नाव वाचायची, मग माझ्याकडे बघायची आणि मग घोट घ्यायची.